रोहिणीतच रान भिजलं : पेरावं का थांबावं? (खरीप २०२५)

बांधावरचा बाभूळ | २९ मे २०२५, रात्री ९:४०

राम राम मंडळी. मी जिंतूर तालुक्यातला. आठ एकर, त्यातलं साडेपाच काळं भारी, उरलेलं मुरमाड. सोयाबीन-तूर हेच पीक.

एरवी मे संपताना ढेकळं अशी तापलेली असतात की अनवाणी पाय ठेववत नाही. यंदा पाय टाकला की घोट्यापर्यंत चिखल. नांगरट झालेली आहे, पण वखराच्या दोन पाळ्या राहिल्यात आणि तण हिरवंगार उठलंय. मॉन्सून २४ मेला केरळात आला, २६ ला मुंबईत. मुंबईची नेहमीची तारीख ११ जून. टीव्हीवाले सांगतात, केरळात इतक्या लवकर २००९ नंतर पहिल्यांदाच आला.

आता गावात झालंय असं की कृषी सेवा केंद्रावर रांगा लागल्यात. शेजारच्यानं काल ट्रॅक्टरवाल्याला सांगूनही ठेवलं. घरात मुलगा म्हणतो, "बाबा, ओल गेली की बसाल." वडील म्हणतात मृग लागल्याशिवाय मुठीत बी धरायचं नाही. मी मधल्यामध्ये. मागं एकदा अशाच घाईत पेरून दुबार केली होती, त्या वर्षीचं सोसायटीचं कर्ज फिटायला तीन हंगाम लागले.

तुमच्याकडं काय चाललंय ते लिहा. हा धागा हंगामभर चालू ठेवू. बियाणं, भाव, विमा, जे कळेल ते इथंच टाकायचं.

---

तिफण | २९ मे, रात्री १०:१५

वसमतकडचा. मी उद्या दोन एकर मूग टाकतोय. आमच्या आजाचं वाक्य होतं, "मृगाआधी पेरावे अन् बोंबेआधी पळावे." रान ओलं आहे, फुकटची ओल वाया कशाला घालवायची?

---

निवृत्त कृषी सहायक | ३० मे, सकाळी ७:०५

तिफणराव, आजोबांची म्हण धूळपेरणीच्या (पावसाआधी कोरड्या रानात पेरायच्या) काळातली आहे. तेव्हा घरचं बी, घरचं शेणखत, बैल घरचे. नाही उगवलं तर मेहनत गेली, एवढंच. आज एका एकरात बियाणं, खत आणि ट्रॅक्टर मिळून किती रुपये मातीत जातात ते तुम्हीच मोजा.

नोकरीत असताना मी बांधाबांधावर एकच गोष्ट सांगत फिरलो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका. पण हा आकडाही अर्धाच आहे. हाच पाऊस दोन आठवड्यांत रिमझिम पडला तर खोल मुरतो. एका रात्रीत धो धो आला तर अर्धा ओढ्याला जातो. म्हणून खुरपं घ्या, रानाच्या मधोमध जा आणि वीतभर खणून बघा. मूठभर माती दाबली की गोळा व्हावा आणि वरून सोडला की फुटावा. गोळा फुटला नाही तर वाफसा (पेरणीजोगी ओल) नाही. मातीचा गोळाच होत नसेल तर ओल नाही.

आता या पावसाचं. अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं, ते २४ मेला रत्नागिरी-दापोलीच्या मधून किनाऱ्यावर आलं. त्यानं ढगांना ओढून आणलं. असा ढकललेला मॉन्सून पुढं जाऊन रेंगाळतो, हे आम्ही पाहिलेलं आहे. मधे दहा-बारा दिवस ऊन पडलं तर कोवळा कोंब जमिनीतच वाळतो. तुम्ही मूग टाकताय ते एका अर्थी बरोबर आहे, मुगाला लवकरचा पाऊस मानवतो आणि ७ जुलैनंतर मूग-उडीद पेरूच नये. पण हाताशी विहिरीचं पाणी आहे का?

---

पुण्याहून बटईवाला | ३० मे, दुपारी १:२०

मी पुण्यात नोकरी करतो, शेत बटईनं दिलंय. त्यामुळे अज्ञान माफ करा. हवामान खात्यानं २७ मेला सुधारित अंदाज दिला, सरासरीच्या १०६ टक्के. मग भीती कसली?

---

निवृत्त कृषी सहायक | ३० मे, दुपारी ३:५०

१०६ टक्के हा सगळ्या देशाचा, जून ते सप्टेंबर चार महिन्यांचा मिळून हिशोब आहे. देशाची सरासरी ८७ सेंटिमीटर, तिच्याशी तुलना. तुमच्या रानात १० जूनला पाऊस पडेल का, हे त्या आकड्यात कुठंच नाही. परीक्षेत सरासरी साठ टक्के असलेला पोरगाही गणितात नापास होतो.

पेरणीसाठी पाच दिवसांचा अंदाज बघायचा असतो. फोनवर 'मेघदूत' घ्या, दर मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याचा कृषी सल्ला येतो, मराठीत. परभणीच्या विद्यापीठाचाही त्याच दोन दिवशी निघतो. आणि 'दामिनी' सुद्धा घ्या, वीज पडण्याची सूचना देतं. तुमच्या बटईदाराच्या फोनमध्ये टाकून द्या, तुमच्या पुण्यातल्या फोनमध्ये नको. मेच्या वळवात दरवर्षी झाडाखाली बांधलेली जनावरं जातात.

---

काळी कसदार | ३१ मे, रात्री ८:३०

औशाकडची. इथं बहुतेक सगळे भाऊच दिसतात, म्हणून थोडं बायकांच्या वाट्याचं काम सांगते. बियाणं.

आमच्याकडं घरचंच बी असतं. सोयाबीन स्वपरागी आहे, एकदा प्रमाणित बी आणलं की पुढं दोन-तीन वर्षं तेच वापरता येतं. पण गेल्या ऑक्टोबरात काढणीला पाऊस लागला होता, म्हणून मनात धाकधूक होती. परवा उगवण पाहिली. पोतं भिजवून पिळलं, त्यावर दहा-दहाच्या दहा ओळीत शंभर दाणे मांडले, वरून दुसरा ओला गोणपाट आणि वळकटी करून सावलीत ठेवली. रोज पाणी शिंपडायचं, बुडवायचं नाही. सहाव्या दिवशी उघडलं तर ६० चांगले कोंब. बाकी काही कुजले, काही नुसते फुगले. नुसता फुगलेला मोजायचा नाही, लोक तिथंच स्वतःला फसवतात.

७० टक्के उगवण असेल तर एकरी ३० किलो. माझं ६०, म्हणजे ३० गुणिले ७० भागिले ६०, बरोबर ३५ किलो. पाच किलो जास्त गेलं तरी दुकानातल्या पिशवीपेक्षा स्वस्तच. ५० च्या खाली आलं असतं तर सरळ व्यापाऱ्याला दिलं असतं.

अजून एक. पोती फेकू नका हो. सोयाबीनचं टरफल कागदासारखं असतं, हमालानं आपटलं की आतला कोंब मेला. बाहेरून दाणा ठणठणीत दिसतो.

---

तिफण | ३१ मे, रात्री ९:०२

ताई, बीजप्रक्रियेचं पण सांगा. दरवर्षी चुकतं.

---

काळी कसदार | ३१ मे, रात्री ९:४४

आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, आणि सगळ्यात शेवटी जिवाणू. उलटं केलं तर जिवाणू मरतात, पैसे पाण्यात. थायरम ३ ग्रॅम किलोला. सावलीत सुकू द्यायचं. मग जिवाणू : रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणारं, प्रत्येकी २५० ग्रॅम दहा किलोला. ज्याला रासायनिक नको त्यानं ट्रायकोडर्मा (उपयोगी बुरशी) ८ ते १० ग्रॅम किलोला. गुळाच्या पाण्यात भिजवून चोळत बसू नका, साल निघते. ताडपत्रीवर पसरून दोघींनी चार कोपरे धरून हेलकावे द्यायचे. हातमोजे घाला. आणि उरलेलं बी कोंबड्यांना चुकूनही नको.

गोगलगायीचं पुढच्या वेळी लिहिते, २०२२ ची आठवण काढली की अजून अंगावर काटा येतो.

---

पांढरं सोनं | १ जून, सकाळी ६:५०

राजेहो, यवतमाळवरून. आमच्या इकडं ठिबकवाल्यायनं मे महिन्यातच कपाशी लावून मोकळे. त्यायले सांगा, तुमची कपाशी लवकर फुलावर येते, तिथंच गुलाबी बोंडअळीची पहिली पिढी जगते, अन् मग ती आमच्या कोरडवाहू कपाशीवर येऊन बसते. २०१७ साली काय झालं थे विसरले का? कृषी विभाग बोंबलून सांगते, १ जूनच्या आत लागवड करू नका. आयकते कोण.

मी तं पाच एकराले अजून बी घेतलं नाही. १०० मिलिमीटर होऊ द्या, मंग पाहू.

---

लाल माती | १ जून, सकाळी १०:३०

राजापूरहून. तुमच्या धाग्यात कोकणातला माणूस शिरतोय, चालेल ना? आमची वेगळीच रड. शेवटचा आंबा झाडावर होता, तो सगळा पावसात गेला. कॅनिंगवाला सुद्धा भिजलेला आंबा हातात धरत नाही. भाताचा तरवा (रोपं) टाकायला रान भाजून ठेवलं होतं, राख वाहून गेली. आता चिखलातच रहू पद्धतीनं, म्हणजे मोड आणलेलं बी, पेरणार. तुम्ही पाऊस थांबेल म्हणून घाबरताय, आम्ही थांबत नाही म्हणून.

---

बांधावरचा बाभूळ | ४ जून, रात्री ८:१०

चालेल म्हणजे काय, या की.

आमच्याकडं ३० मेनंतर थेंब नाही. ऊन कडक, वारा सुटलाय. वखराच्या दोन्ही पाळ्या उरकल्या, उगवलेलं तण सगळं वर आलं आणि वाळलं. थांबण्याचा हा एक फायदा मी आधी धरलाच नव्हता, तणनाशकाची एक फवारणी वाचली.

काकांनी सांगितल्याप्रमाणे खुरप्यानं पाहिलं. वरची चार बोटं कोरडी, खाली ओल आहे. मुरमाडात तर वीतभर खाली सुद्धा भुगा. म्हणजे एकाच गटात दोन हिशोब.

२०२५-२६ चे हमीभाव आले ते टाकतो, क्विंटलला. सोयाबीन ५,३२८ (गेल्या साली ४,८९२), तूर ८,०००, मूग ८,७६८, उडीद ७,८००, कापूस मध्यम धागा ७,७१०, लांब धागा ८,११०. आता कुणी टाळ्या वाजवू नका. मी फेब्रुवारीत सोयाबीन विकलं ते सव्वाचार हजारानं. हमीभावाच्या केंद्रावर नंबर लागेपर्यंत घरात लग्न होतं.

---

पुण्याहून बटईवाला | ४ जून, रात्री ९:३०

ओलावा १२ टक्क्यांच्या वर असला की केंद्रावर घेत नाहीत ना? बटईदार म्हणाला होता.

---

काळी कसदार | ४ जून, रात्री १०:००

हो, १२. गेल्या हंगामात नोव्हेंबरमध्ये १५ पर्यंत सूट दिली होती, पण तोवर गरजवंतांचं निम्मं विकून झालं होतं. नोंदणीला सातबाऱ्यावर पीकपेरा लागतो, म्हणून ई-पीक पाहणी वेळेत करा. मोबाईलला रेंज नसली तर बांधावर फोटो काढून ठेवता येतो, नंतर गावात येऊन अपलोड करायचं. ऑगस्टमध्ये सगळे एकदम तुटून पडतात आणि सर्व्हर बसतो.

---

तिफण | ११ जून, संध्याकाळी ७:२५

मूग निम्मा गेला. उगवला होता छान, दोन पानांवर आला आणि मान टाकली. जिथं विहिरीचं तुषार पोचलं तेवढा एक एकर तरारलाय. दुसऱ्या एकराला पाइपच कमी पडले.

काका, तुम्ही विचारलं होतं पाणी आहे का, मी उत्तर दिलं नव्हतं.

---

निवृत्त कृषी सहायक | ११ जून, रात्री ८:००

एक एकर वाचला ना, मग ठीक आहे. गेलेल्या एकरात लगेच काही करू नका. पाऊस आला की तिथं सोयाबीन घ्या, १५ जुलैपर्यंत वेळ आहे. कमी दिवसांचा वाण बघा, परभणी विद्यापीठाचा एमएयूएस-६१२ पाण्याचा ताण बरा सोसतो. फुले संगम उत्पन्नाला चांगला, पण त्याला दिवस जास्त लागतात, उशिरा पेरणार असाल तर नको.

संध्याकाळी कडुनिंबाकडं एक चक्कर मारा. मेच्या पावसानं हुमणीचे (मुळं खाणाऱ्या अळीचे) भुंगेरे यंदा लवकर बाहेर पडलेत. रात्री सात ते नऊ कडुनिंब, बाभूळ, बोरीच्या पाल्यावर बसतात. खाली दिवा आणि रॉकेलमिश्रित पाण्याचं घमेलं ठेवा, फांद्या हलवा. एकट्यानं करून उपयोग नाही, आळीतल्या सगळ्यांनी एकाच आठवड्यात करायचं. आज एक भुंगेरा पकडला तर ऑगस्टमधल्या पन्नास अळ्या वाचल्या असं समजा.

(बाभूळ साहेब, तुमच्या नावावर भुंगेरे बसतात, राग मानू नका.)

---

बांधावरचा बाभूळ | ११ जून, रात्री ८:२०

बसू द्या काका, त्यांनाही कुणी विचारत नाही.

विम्याचं काय झालं ते कुणी नीट सांगेल का? गावात दहा जण दहा गोष्टी सांगतात.

---

काळी कसदार | १२ जून, दुपारी २:४०

मी बचत गटात समजावून सांगितलं तेच लिहिते.

एक रुपयातला विमा बंद. यंदाच्या, २०२५ च्या, खरिपापासून आपला हिस्सा विमा रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत, कापसासारख्या नगदी पिकाला ५ टक्क्यांपर्यंत. बंद का केला, तर बोगस अर्ज फार निघाले. दुसऱ्याच्या, सरकारच्या, देवस्थानाच्या जमिनीवर सुद्धा विमा. ज्यांनी केलं ते मजेत आणि भरपाई आपण करतोय, असो.

त्याहून मोठा बदल लोकांच्या लक्षात आलेला नाही. आधी शेतात पाणी साचलं, गारपीट झाली, काढून ठेवलेलं भिजलं, की ७२ तासांत कळवायचं आणि पंचनामा व्हायचा. राज्यानं ती जादाची कलमं काढली. यंदा फक्त महसूल मंडळातल्या (काही गावांच्या गटातल्या) पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे नमुन्याला कापून मोजलेल्या पिकावर, भरपाई ठरणार, उंबरठा उत्पादनापेक्षा (मागच्या वर्षांवरून ठरलेल्या पातळीपेक्षा) कमी आलं तरच. म्हणजे ओढ्याकाठच्या माझ्या दोन एकरात कमरेएवढं पाणी साचलं आणि मंडळात बाकी सगळं बरं असलं, तर मला शून्य. हे ओळखून ज्यानं त्यानं ठरवावं. मी भरणार आहे, पण ओढ्याकाठी सोयाबीन लावणार नाही.

यंदाची मुदत ३१ जुलै. शेतकरी ओळख क्रमांक लागतोच, अ‍ॅग्रिस्टॅकवाला ११ आकडी. ज्यांनी काढला नाही त्यांनी आधार आणि सातबारा घेऊन सीएससीत (सामाईक सेवा केंद्रात) जा. सातबाऱ्यावर सामाईक नावं असतील तर प्रत्येकानं आपापला काढायचा. आमच्या जाऊबाईंचं नाव आधारवर वेगळं, सातबाऱ्यावर माहेरचं. तीन चकरा झाल्या.

---

पांढरं सोनं | १७ जून, रात्री ९:१०

आला राजेहो! काल रात्री अन् आज दुपारी. मंडळाचं यंत्र ३१ दाखवते, पण थे आमच्यापासून आठ किलोमीटर दूर. माह्या वावरात किती पडला?

---

निवृत्त कृषी सहायक | १७ जून, रात्री ९:३५

सरळ बाजूंचा डबा घ्या, तेलाचा, पत्र्याचा, कसाही, पण वर-खाली सारख्या रुंदीचा. वाटी, बादली चालत नाही. मोकळ्या जागेत, झाडापासून लांब, दगडात पक्का बसवा. सकाळी पोराच्या कंपासातली पट्टी बुडवून मोजा, जेवढे मिलिमीटर तेवढा पाऊस. वहीत लिहा. एका एकरावर एक मिलिमीटर म्हणजे साधारण चार हजार लिटर पाणी, एवढं ध्यानात ठेवलं की त्या आकड्याची किंमत कळते.

---

काळी कसदार | १९ जून, रात्री ८:५५

गोगलगायी निघाल्या. काल बांधावर टॉर्च मारला तर गवतात शंखच शंख.

२०२२ साली लातूर, बीड, धाराशिवमध्ये उगवलेलं सोयाबीन रात्रीतून साफ झालं होतं. सकाळी नुसती देठं. आम्ही तेव्हा फवारण्या केल्या, शंखाच्या आत औषध जाणार कसं? काही उपयोग झाला नाही. शेवटी हातानंच. गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती संध्याकाळी बांधाच्या कडेनं टाकायची, पहाटे उन्हाआधी उलटायची आणि खाली जमलेल्या गोळा करून मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात बुडवायच्या. एक गोगलगाय मातीत शंभरेक अंडी घालते, म्हणून पेरणीच्या आधीच्या चार रात्री सगळ्यात मोलाच्या. बांधाला लागून चुन्याचा पट्टा, पाऊस नसेल तरच टिकतो. फारच झाल्या तर मेटाल्डिहाइडच्या गोळ्या एकरी दोन किलो, पण कुत्री आणि कोंबड्या बांधून ठेवा, त्यांच्यासाठीही ते विषच आहे. मेलेल्या उघड्यावर टाकू नका, खड्ड्यात पुरा. पोरांना हात लावू देऊ नका.

---

बांधावरचा बाभूळ | २४ जून, रात्री १०:०५

पेरलं.

डब्यातला हिशोब : १६ तारखेपासून २२, ९, ०, ३४, १७. एकूण ८२. परवा आणि काल उघडीप, आज सकाळी वाफसा. काळ्या रानात साडेपाच एकर एमएयूएस-६१२, सहा तासांना (ओळींना) एक तास तूर. बीबीएफ (रुंद वाफा आणि सरी पाडणारं) यंत्र तालुक्यात होतं, पण नंबर लागला असता पुढच्या आठवड्यात. मग साध्या पेरणी यंत्रानंच, दर चौथ्या तासानंतर एक तास मोकळं सोडलं. डवरणीच्या वेळी डवऱ्याला दोरी गुंडाळून तिथं सरी पाडणार. जास्त पाणी झालं तर निघून जाईल, कमी झालं तर मुरेल.

ट्रॅक्टरवाल्याशी मात्र भांडण झालं. त्याला खोली कमी कर म्हणालो, तो म्हणतो फण वर घेतले की बी उघडं पडतं. तीन-चार सेंटिमीटरच्या खाली सोयाबीन गेलं की नीट वर येत नाही, हे त्याला पटेना. पहिल्या दोन फेऱ्या पाच-सहा गेल्याच. तेवढा पट्टा विरळ दिसेल, तेव्हा तुम्हाला फोटो टाकतो.

मुरमाडातले अडीच एकर तसेच ठेवलेत. तिथं अजून माती गोळा धरत नाही. शेजाऱ्यानं १ जूनला पेरलं होतं, त्यानं काल दुसरी पिशवी आणली. बांधावर भेटला, दोघंही काही बोललो नाही.

---

पुण्याहून बटईवाला | २५ जून, सकाळी ८:१५

माझ्या बटईदारानंही काल पेरलं. डबा बसवलाय का विचारलं, तर म्हणाला, "मालक, मेघदूतचं जमलं, डबा तुम्ही या आणि बसवा." शनिवारी जातोय. तेलाचा डबा इथून न्यावा लागेल की गावात मिळेल?

---

काळी कसदार | २५ जून, सकाळी ८:४०

गावात मिळेल. येताना मीठ मात्र भरपूर आणा.